माहेरी जायला व्हिसा कशाला?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका मूळच्या सांगलीच्या, वय छत्तीस, गेली नऊ वर्षं म्युनिकजवळ नोकरी करतात. मागच्या महिन्यात त्यांना जर्मन नागरिकत्व मिळालं, नवरा मात्र भारतीय नागरिकच राहिला आहे. दीड महिन्यावर धाकट्या भावाचं लग्न आहे. २०३० पर्यंतचा भारतीय पासपोर्ट कपाटात आहे आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) एवढ्यात हाती पडणार नाही. ‘जर्मनीने आता दुहेरी नागरिकत्व मान्य केलंय, मग जाताना भारतीय पासपोर्ट दाखव आणि येताना जर्मन,’ असा एका मैत्रिणीचा सल्ला आहे. स्वतःच्या घरी जायला व्हिसा काढायचा, ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही. वडील ‘आता तू पाहुणी’ असं म्हणून बसले आहेत. आणि लेक भावाच्या लग्नासाठी येईल तेव्हाच तासगावजवळची द्राक्षबाग तिच्या नावे बक्षीसपत्राने करून टाकायचा त्यांचा बेत आहे. मार्चमध्ये नवराबायकोला न्यूयॉर्कला नणंदेकडे जायचंय, परतताना चार दिवस लंडन. ‘जर्मन पासपोर्टला व्हिसा लागत नाही’ म्हणून दोघांची तिकिटं काढून झाली आहेत. कॉलेजात असताना अमेरिकेचा व्हिसा एकदा नाकारला गेला होता, ‘पण तो जुन्या पासपोर्टवर, तेव्हा आता त्याचा प्रश्न नाही ना?’ असं त्या विचारतात.

सर्वप्रथम अभिनंदन. आणि लगेच दुसरं वाक्य: तो भारतीय पासपोर्ट घेऊन प्रवासाला निघू नका.

पासपोर्ट कपाटात आहे, त्यावरची तारीख उलटलेली नाही, म्हणजे नागरिकत्व शिल्लक आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. जर्मनीत राहणारे बरेच मराठी लोक असंच धरून चालतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातलं नववं कलम सांगतं की भारतीय माणसाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यासाठी अर्ज लागत नाही, कुणाची सही लागत नाही. तुमच्या हातात नागरिकत्वाची उर्कुंडे, म्हणजे नागरिकत्व मिळाल्याचं प्रमाणपत्र, पडली, त्याच दिवशी ते संपलं. पासपोर्ट परत करायचा राहिलाय, एवढंच.

मग दुहेरी नागरिकत्वाचं काय? २७ जून २०२४ पासून जर्मनीने जुनं नागरिकत्व सोडण्याची अट काढून टाकली आणि राहण्याची मुदत आठ वर्षांवरून पाचवर आणली, हे खरं आहे. पण याचा अर्थ जर्मनीची हरकत नाही, इतकाच. भारताच्या वतीने बर्लिनची संसद काही ठरवू शकत नाही. तुर्की किंवा इटालियन सहकाऱ्याला दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात, कारण त्यांच्या मूळ देशांनाही ते चालतं. आपल्याला तसं नाही, आणि ऑफिसच्या कँटीनमधला सल्ला बहुतेक वेळा इथेच घसरतो.

आता मैत्रिणीची युक्ती जरा पायरीपायरीने चालवून बघू. म्युनिकला काउंटरवर तुम्ही भारतीय पासपोर्ट दिलात, बॅग गेली. पुढे पासपोर्ट तपासणीला जर्मन दाखवावा लागेल, कारण उर्कुंडे देताना तुमचं राहण्याच्या परवान्याचं कार्ड जमा करून घेतलं असणार. म्हणजे भारतीय पासपोर्टवर जर्मनीत राहण्याचा आधारच उरलेला नाही. ठीक, तेही पार पडलं. मुंबईला भारतीयांच्या रांगेत शिक्का बसला. हळद झाली, लग्न झालं, पंगती उठल्या. आता परतीचा दिवस. विमान कंपनीचा माणूस विचारतो, जर्मनीचा व्हिसा? तुम्ही जर्मन पासपोर्ट काढता. दहा पावलांवर इमिग्रेशनचा अधिकारी. त्याच्यापुढे भारतीय ठेवलात, तर जर्मनीत शिरायला त्यात काहीच नाही. जर्मन ठेवलात, तर त्यात भारतात आल्याची नोंदच नाही. दोन्ही ठेवलेत, तर तुम्ही स्वतःच कबुली दिलीत की परदेशी नागरिक असताना भारतीय पासपोर्ट वापरला. भारतीय कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. बाहेर वऱ्हाडाची गाडी परत गेलेली, आत तुम्ही एकट्या.

मैत्रीण खोटं बोलत नसेल. तिचं एखाद्या वेळी निभावलंही असेल. पण पुढे पासपोर्ट सरेंडर करायला जाल, तेव्हा अर्जात नागरिकत्वाची तारीख लिहावी लागते आणि पासपोर्टाची पानं तर समोरच असतात. त्या तारखेनंतरचा शिक्का दिसला की दंड आणि खुलासे. ओसीआयचा रस्ता याच सरेंडर प्रमाणपत्रावरून जातो, त्यामुळे लपवून फारसं काही साधत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही: जर्मन पासपोर्ट हातात आला आहे का? उर्कुंडे म्हणजे पासपोर्ट नव्हे. राहण्याच्या परवान्याचं कार्ड जमा झालंय आणि राइझेपास, म्हणजे जर्मन पासपोर्ट, आलेला नाही, या मधल्या काळात तुम्हाला जर्मनीबाहेर प्रवासच करता येत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नागरिकत्वाचा दिवस ठरला की त्याच आठवड्यात ब्युर्गरब्युरोची, म्हणजे पासपोर्टचे अर्ज घेणाऱ्या नागरी कचेरीची, वेळ घ्यावी. साधा पासपोर्ट ७० युरोला, तयार होऊन यायला कित्येक आठवडे जातात. ३२ युरो जास्त भरले की एक्स्प्रेस मिळतो, तो काही दिवसांत येतो. तुमच्या बाबतीत हे ३२ युरो वाचवण्यात अर्थ नाही. तात्पुरता पासपोर्टही असतो, हिरव्या रंगाचा, पण त्यात चिप नसते आणि अमेरिकेला व्हिसाशिवाय तो चालत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका. मुलं असलेल्या वाचकांसाठी जाता जाता: लहान मुलांचा स्वस्तातला वेगळा पासपोर्ट जर्मनीने १ जानेवारी २०२४ पासून बंद केला आहे. तान्ह्या बाळालाही आता नेहमीचाच लागतो.

पासपोर्ट आला की पहिलं काम त्यावरचं नाव वाचण्याचं. हसू नका. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि जर्मन कचेरीला मधलं नाव हा प्रकार ठाऊक नाही. भारतीय पासपोर्टात ते तुमच्या नावाला जोडून छापलेलं असेल, तर जर्मन कागदांवर तुमच्या वडिलांचं नाव हे तुमचंच दुसरं नाव होऊन बसतं. काही जण नागरिकत्व घेताना ते काढून टाकतात. दोन्ही चालतं, पण मग जुना पासपोर्ट, जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि नवा पासपोर्ट यांतली नावं जुळत नाहीत, आणि ओसीआयच्या अर्जाबरोबर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, हे दाखवणारी कागदपत्रं जोडत बसावं लागतं. विमानाचं तिकीट, ई-व्हिसा आणि अमेरिकेचा एस्टा (व्हिसाशिवाय जाणाऱ्यांनी आधी घ्यायची ऑनलाइन परवानगी) या तिन्हींवर नाव जर्मन पासपोर्टात आहे तसंच हवं, मधल्या नावासकट. लग्नाचं तिकीट जुन्या पासपोर्टवरून काढलं असेल, तर आजच तपासा.

आता दीड महिन्याचं गणित. ओसीआय एवढ्यात होणार नाही हा तुमचा अंदाज योग्य आहे, त्यामागे धावू नका. भारताचा ई-व्हिसा जर्मन नागरिकांना मिळतो आणि नातेवाइकांना भेटणं, लग्नकार्याला जाणं हे पर्यटक ई-व्हिसात बसतं. तीस दिवसांचा, वर्षाचा आणि पाच वर्षांचा असे तीन प्रकार आहेत. तीस दिवसांच्या व्हिसाचा अर्ज पोचण्याच्या तारखेआधी तीस दिवसांच्या आतच करता येतो, वर्षाचा बराच आधी करता येतो. तुम्ही वर्षाचा घ्या. ओसीआय यायला वेळ लागला आणि मध्येच घरी जायची पाळी आली, तर तोच उपयोगी पडेल. मात्र एका खेपेत किती दिवस राहता येईल यावर मर्यादा असते, ती मंजुरीच्या कागदावर वाचून घ्या. ई-व्हिसा ठरावीक विमानतळांवरच चालतो. मुंबई, पुणे, नागपूर, गोवा त्यात आहेत, तेव्हा तुमची अडचण नाही.

अर्जात एक प्रश्न येतो: नागरिकत्व जन्माने की नंतर घेतलेलं, आणि आधीचं कुठलं? इथे खरं ते लिहायचं. ‘भारतीय’ लिहिलं तर नाकारतील, अशी भीती घालणारे भेटतील. उलट, तुमच्या पासपोर्टवर जन्मगाव म्हणून सांगली छापलंय. ते वाचायला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला मराठी यावं लागत नाही. ई-व्हिसाच्या अर्जाआधी, म्हणजे याच आठवड्यात, म्युनिकच्या भारतीय वकिलातीत पासपोर्ट सरेंडरचा अर्ज टाका. पावती, उर्कुंडेची प्रत आणि जुन्या पासपोर्टाच्या पानांच्या झेरॉक्स लग्नाच्या कागदांबरोबर ठेवा. जर्मनीत इतरत्र राहणाऱ्यांना बर्लिन, हँबर्ग किंवा फ्रँकफर्ट लागू होईल. ई-व्हिसाला काही अडथळा आलाच, तर भारतीय वंशाच्या लोकांसाठी वकिलातीतून मिळणारा साधा प्रवेश व्हिसा हा दुसरा मार्ग आहे. तो ऐन वेळी होत नाही, म्हणून ई-व्हिसाचा अर्ज शेवटच्या आठवड्यापर्यंत ठेवू नका. आणि भारतात पोचण्याआधीच्या तीन दिवसांत परदेशी प्रवाशांसाठीचं ई-आगमन कार्ड ऑनलाइन भरा. १ ऑक्टोबर २०२५ पासून ते सुरू झालंय, त्याला पैसे पडत नाहीत.

पैसे मागणाऱ्या नकली साइट मात्र भरपूर आहेत. शोधयंत्रात ‘इंडिया ई-व्हिसा’ टाकलं की वरच्या जाहिराती दलालांच्या असतात. तिरंगा, अशोकस्तंभ, सगळं साग्रसंगीत, आणि फी दुप्पट-तिप्पट. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर पान बंद करायचं.

व्हिसा काढायचा हे मनाला लागतंय, हे मला समजतं. पण तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय की नागरिकत्व ‘फक्त सोयीसाठी’ घेतलं. ते खरंच तेवढ्यासाठीच होतं का? नऊ वर्षं जिथे कर भरला, जिथे भाषेची परीक्षा दिली, तिथे मत देता यावं असंही वाटलं असेल की. तसं असेल तर तसं म्हणा, स्वतःशी आणि बाबांशीही. सोयीसाठी घेतलं असं म्हटलं की बाबांना ऐकू येतं की सोयीसाठी आम्हाला सोडलं. पुढे ओसीआय आलं की हा व्हिसाचा भाग कायमचा संपतो: आयुष्यभर कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, पोलिसांत नोंद नको. मतदान मात्र करता येत नाही. सांगलीच्या मतदारयादीत नाव अजून असेल, तर ते काढून घ्या; कुणी हौसेने मतदानाला घेऊन जाईल आणि भलतंच व्हायचं.

आणि मला वाटतं बाबांचं ‘पाहुणी’ हे पासपोर्टबद्दल कमी आणि बागेबद्दल जास्त आहे. लेक परक्या देशाची झाली, आता सातबाऱ्यावर तिचं नाव लागेल का, ही धास्ती त्यामागे असावी. त्यांची घाई तिथूनच येते. इथे मात्र तुम्हाला त्यांना थांबवावं लागेल. परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे ओसीआयधारकाला भारतात घर, फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन, मळे, फार्महाउस विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. तुमच्याकडे तर अजून ओसीआयसुद्धा नाही. वारसाहक्काने मात्र ओसीआयधारकाकडे शेतजमीन येऊ शकते. पुढे विकायची झालीच तर ती भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागते, आणि महाराष्ट्रात घेणारा शेतकरी असावा लागतो ते निराळंच. म्हणजे बाबांना बाग तुम्हाला द्यायचीच असेल, तर बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्राचा विचार व्हायला हवा. गावातल्या ओळखीच्या मुद्रांकविक्रेत्याकडे नको, परदेशस्थांच्या मिळकतीची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा, भावाला बरोबर घेऊन. लग्नघरात हा विषय भावाच्या कानावर तिसऱ्याकडून जाऊ देऊ नका. नव्या वहिनीची घरातली पहिली आठवण सातबाऱ्याची कशाला?

राहिली अमेरिका. जर्मन पासपोर्टाची कीर्ती मोठी आहे आणि बरीचशी खरी आहे. जपान नव्वद दिवस काही न विचारता घेतं, चीनने २०२६ अखेरपर्यंत जर्मनांना तीस दिवस व्हिसामाफी दिलीय. पण व्हिसा लागत नाही याचा अर्थ आधी परवानगी घ्यावी लागत नाही असा नाही. अमेरिकेला एस्टा लागतो. त्याची फी सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस २१ डॉलरवरून ४० वर गेली, दोन वर्षं चालतो, एका खेपेला नव्वद दिवस. ब्रिटनने २ एप्रिल २०२५ पासून युरोपीय नागरिकांनाही ईटीए, म्हणजे त्यांची तशीच ऑनलाइन परवानगी, सक्तीचं केलं, त्याच महिन्यात फी १६ पौंड झाली. आणि लंडनला नुसतं आउसवाइस, म्हणजे जर्मन ओळखपत्र, दाखवून जाता येतं ही समजूत २०२१ च्या ऑक्टोबरपासून कालबाह्य झालीय. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचीही आपापली ऑनलाइन परवानगी आहे. कुठेही जायचं ठरलं की तिकिटाआधी जर्मन परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर त्या देशाचं पान उघडून ‘आइनराइझे’ (प्रवेश) हा भाग वाचायची सवय लावा. त्यांचं ‘झिशर राइझेन’ नावाचं ॲपही आहे. पासपोर्ट किती महिने वैध हवा, तात्पुरता चालतो का, सगळं तिथे असतं. फक्त हे लक्षात असू द्या की ती माहिती जर्मन नागरिकांसाठी लिहिलेली असते. तुमच्या यजमानांना त्यातलं एक अक्षर लागू नाही. त्यांना अमेरिकेचाही व्हिसा लागेल आणि ब्रिटनचाही, जर्मनीत राहण्याचा परवाना तिथे कामाला येत नाही. ‘आमची’ तिकिटं काढली असं तुम्ही लिहिलंय, म्हणून विचारते, त्यांच्या पासपोर्टवर हे दोन व्हिसा आहेत ना?

तुमच्या जुन्या नकाराचा प्रश्न आहेच. एस्टाच्या अर्जात थेट विचारलेलं असतं की सध्याच्या किंवा आधीच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा कधी नाकारला गेलाय का. पासपोर्ट बदलला तरी बोटांचे ठसे तेच राहतात, आणि मुलाखतीला तुम्ही ते दिलेले असणार. ‘हो’ लिहा, कधी आणि कुठे तेही लिहा. विद्यार्थीदशेतला एक नकार म्हणजे एस्टा नाकारलाच जाईल असं अजिबात नाही. नाकारला, तरी दार बंद होत नाही. नेहमीच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो, म्युनिकच्या अमेरिकी वकिलातीतही मुलाखती होतात. पण ‘नाही’ लिहून ते उघडकीला आलं, तर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो आणि तो पुढे आयुष्यभर नडू शकतो. आणखी एक तपासा: मार्च २०११ नंतर तुम्ही इराण, इराक, सीरिया अशा देशांत कामानिमित्त गेला असाल, किंवा १२ जानेवारी २०२१ नंतर क्युबाला सुट्टीसाठी, तर एस्टाची सोय उरत नाही, सरळ व्हिसाच काढावा लागतो.

म्हणून एस्टा फेब्रुवारीपर्यंत लांबवू नका. जर्मन पासपोर्ट आला की त्याच आठवड्यात भरून टाका, म्हणजे नकार आलाच तर मुलाखतीची तारीख मिळायला हाताशी वेळ राहील. यजमानांचे व्हिसा नसतील, तर त्यांचा अर्जही तेव्हाच जाऊ दे. मुलाखतीच्या तारखा काही तुमच्या तिकिटाकडे बघून मिळत नाहीत. विमान कंपनीला फोन करून तारीख बदलायला किती पडतील ते विचारून ठेवा, आणि नणंदबाईंच्या कानावर घाला की मार्चचं मे होऊ शकतं. न्यूयॉर्कला मेमध्ये हवाही बरी असते.